स्पीकरमधली गुणगुण: नवं काही विकत घेण्याआधी तिचा उगम शोधा

कॉम्प्युटर सुरू केला, अजून गाणंही लावलं नाही, आणि स्पीकरमधून एकसारखं ‘घूंऽऽ’ सुरू. माउस हलवला की त्यात ‘चिर्र चिर्र’ची भर. मी गाण्याचे ऑनलाइन वर्ग घेते आणि रियाजाला तानपुरा कॉम्प्युटरवरच लावते. शांत खर्जाखाली असा दुसराच सूर चालू राहिला की कान थकून जातात. त्यामुळे या आवाजाच्या मुळाशी जाणं मला भागच होतं. नंतर विद्यार्थ्यांच्या, नातेवाइकांच्या घरीही हेच बघत गेले. शोधण्याचा एक ठरावीक क्रम हाती लागला, तो इथे देते आहे.

आधीच एक सांगते. दोष बहुतेक वेळा स्पीकरमध्ये नसतो. आवाज वायरिंगमधून, चार्जरमधून, केबलमधून किंवा खुद्द कॉम्प्युटरमधून आत शिरलेला असतो. नवे स्पीकर आणले तरी तो त्यांतूनही येतो आणि पैसे वाया जातात. म्हणून खाली दिलेल्या क्रमाने जा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर काय झालं ते कागदावर लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर आवाज जाईल, पण कशामुळे गेला ते कळणार नाही. आठवड्याने तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हाताशी काय हवं

- साधा निऑन दिव्याचा टेस्टर
- ३.५ मिमी जॅकची एक जादा केबल, शक्यतो आखूड
- हेडफोन
- हेडफोनचा जॅक असलेला एखादा फोन (जुना, बंद पडत आलेलाही चालेल)
- तीन पिनचा आणि खरोखर तीन तारांचा एक्स्टेंशन बोर्ड
- स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोटभर तुकडा
- स्पीकरचं बिल आणि वॉरंटी कार्ड
- असल्यास मल्टिमीटर

जॅक काढताना-घालताना स्पीकरचा आवाज शून्यावर ठेवा, नाहीतर ‘फट्’ असा दणका बसतो आणि छोट्या स्पीकरच्या कॉइलला तो झेपत नाही. भिंतीतल्या सॉकेटपाशी काम करताना पायात कोरडी चप्पल हवी. स्पीकरचं खोकं सध्या उघडायचं नाही.

१. आवाज कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

‘स्पीकर वाजतोय’ एवढ्याने काही कळत नाही. कसा वाजतोय ते नीट ऐका.

*एकसारखी, खालच्या सुराची गुणगुण.* ही घरातल्या विजेची. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं. त्यामुळे गुणगुण ५० किंवा १०० हर्ट्झवर येते. गाणाऱ्यांसाठी सोपी खूण आहे. हार्मोनियमवर पांढरी पाच दाबा, सप्तक कोणतंही चालेल. स्पीकरमधला सूर तिच्यापेक्षा किंचित चढा, पण जवळजवळ तोच लागला तर तो विजेचाच. फोनवरच्या ट्यूनर ॲपनेही हे तपासता येतं. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तिथल्या मंडळींना हा सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध मिळेल.

*तिखट, कर्कश ‘झ्यांऽऽ’.* हीसुद्धा विजेचीच, पण तिच्यात वरचे सूर मिसळलेले. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, स्वस्तातला इन्व्हर्टर यांच्यावर संशय घ्यायचा.

*माउस हलवला, पान सरकवलं, फाइल कॉपी केली की बदलणारी चिरचिर.* ही कॉम्प्युटरच्या आतली.

*‘टिडिक-टिडिक-टिडिक’.* जवळ ठेवलेला मोबाइल टू-जी नेटवर्कवर आहे. त्या तंत्रात फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुटक लहरी सोडतो आणि स्पीकरची वायर त्या पकडते. फोन हातभर लांब ठेवला की हा प्रश्न संपतो.

*‘सूंऽऽ’ असा वाऱ्यासारखा आवाज.* तो ॲम्प्लिफायरचा स्वतःचा. स्पीकरला कान लावल्यावरच येत असेल तर सोडून द्या.

*फक्त गाणं चालू असताना, ठरावीक सुरांवर थरथर.* हा विजेचा दोष नव्हे. पायरी ११ बघा.

२. व्हॉल्यूमचं बटण फिरवा

कॉम्प्युटरवर काहीही वाजत नसताना स्पीकरवरचं बटण शून्यापासून पुढे न्या.

गुणगुण बटणाबरोबर वाढत असेल तर ती बटणाच्या अलीकडून, म्हणजे केबल किंवा कॉम्प्युटरच्या बाजूने येते आहे. बटण शून्यावर असो की भरपूर, गुणगुण तेवढीच राहत असेल तर ती स्पीकरच्या पॉवर सप्लायमध्ये किंवा ॲम्प्लिफायरमध्ये आहे. अर्ध्या मिनिटाच्या या चाचणीने शोधाचं क्षेत्र निम्मं होतं. काही नव्या स्पीकरांत बटण डिजिटल असतं, तिथे हा नियम दर वेळी लागू पडेलच असं नाही.

बटण फिरवतानाच ‘खरखर’ येत असेल आणि हात थांबला की तीही थांबत असेल, तर बटणाच्या आत धूळ आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर बटणाच्या फटीत एकदा मारा आणि बटण वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा. हे करताना प्लग काढलेला हवा. खोबरेल तेल किंवा शिवणयंत्राचं तेल घालू नका, धूळ आणखी घट्ट बसते.

३. केबल सोडवा, मग फॉइल वापरा

ऑडिओ केबल स्पीकरच्या टोकाकडून काढा. नुसती कॉम्प्युटरकडून काढून लोंबती ठेवलीत तर ती अँटेनासारखी हवेतली गुणगुण ओढते आणि तुमची दिशाभूल होते.

बऱ्याच स्वस्त स्पीकरांची केबल मात्र आतून कायमची जोडलेली असते. अशा वेळी जॅक कॉम्प्युटरमधून काढा आणि त्याच्या धातूच्या भागाला टोकापासून मुळापर्यंत फॉइलचा तुकडा घट्ट गुंडाळा. जॅकवर काळ्या रेघांनी वेगळे केलेले तीन भाग दिसतात, ते तिन्ही फॉइलने एकमेकांना जोडले गेले पाहिजेत. आता स्पीकर सुरू करा. शांत झाला तर स्पीकर ठणठणीत आहे. गुणगुण तशीच राहिली तर स्पीकरच्या आत बिघाड आहे, थेट पायरी ११ कडे जा.

चाचणी झाल्यावर फॉइल आठवणीने काढा. तिचा कपटा जॅकला चिकटून कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये गेला तर दुसरंच दुखणं सुरू होईल.

४. कॉम्प्युटरऐवजी फोन जोडा

फोन चार्जरला लावलेला नसावा. त्याच केबलने तो स्पीकरला जोडून हळू आवाजात काहीतरी लावा, मग थांबवा. शांतता असेल तर स्पीकर आणि केबल दोन्ही निर्दोष. त्याच अवस्थेत फोनला चार्जर लावा. गुणगुण सुरू झाली तर चार्जर किंवा घरातली वीज हे कारण जवळजवळ नक्की.

फोन चार्जरविना जोडूनही गुणगुण येत असेल तर जादा केबल लावून बघा. केबलच्या तारेभोवती बारीक तारांची जाळी असते, तिला शिल्ड म्हणतात. ती बाहेरचा विजेचा गोंगाट अडवते. जॅकच्या मानेपाशी केबल सतत वाकते आणि ही जाळी तिथेच तुटते. त्या जागी केबल बोटांनी हलवताना आवाज येतो-जातो का ते बघा. येत-जात असेल तर केबल बदला, चिकटपट्टीने काम भागत नाही. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेने जॅकवर हिरवट थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने तो पुसा.

५. विंडोजमधल्या जागा

यात वेळ फार जात नाही आणि खर्चही नाही, म्हणून वायरिंगला हात लावण्याआधी एवढं उरकून घ्या.

आवाजाच्या चिन्हावर उजवं क्लिक, मग साउंड सेटिंग्ज. विंडोज ११ मध्ये तिथेच खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ आहे. रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये मायक्रोफोन निवडून प्रॉपर्टीज उघडा. ‘लिसन’ टॅबमध्ये ‘लिसन टू धिस डिव्हाइस’पुढे खूण असेल तर काढा. ती असली की माइकमध्ये येणारा खोलीतला सगळा आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो. मग प्लेबॅकच्या टॅबमध्ये स्पीकरची प्रॉपर्टीज, त्यात ‘लेव्हल्स’. तिथे मायक्रोफोन किंवा लाइन-इन दिसत असेल तर म्यूट करा. काही मशीनवर हे पर्याय दिसतच नाहीत, मग पुढे चला. लाउडनेस इक्वलायझेशनसारखे एन्हान्समेंट्स बंद करा, ते बारीक गोंगाटालाही वर खेचतात.

आता आवाजाची वाटणी. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम २० वर आणि स्पीकरचं बटण पूर्ण, अशी मांडणी अनेक घरांत दिसते. तीत स्पीकर कमकुवत सिग्नलबरोबर केबलमधला गोंगाटही मोठा करतो. उलट करा. कॉम्प्युटर ८०-९० वर ठेवा आणि स्पीकरचं बटण हवं तेवढंच उघडा. एवढ्यानेच अनेकांचं काम होतं.

६. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा

गुणगुण चालू असताना चार्जर सॉकेटमधून काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आवाज तत्क्षणी गेला तर वाट चार्जरमधूनच आहे. चार्जर तीन पिनचा असेल तर पायरी ८ वाचा. दोन पिनचा असेल तर स्पीकर आणि चार्जर एकाच बोर्डवर आणा आणि दोन पिनचा प्लग काढून उलटा घालून बघा. फुकटातला उपाय आहे, कधी कधी लागू पडतो.

डेस्कटॉपला हेडफोन लावून ऐका. आधी पुढच्या पोर्टला, मग मागच्या हिरव्या पोर्टला. पुढे चिरचिर आणि मागे शांत, असा अनुभव अगदी नेहमीचा आहे. पुढच्या पोर्टची वायर कॅबिनेटच्या आतून ग्राफिक्स कार्डाजवळून जाते आणि वाटेत सगळं गोळा करते. स्पीकर कायमचे मागे जोडा.

७. यूएसबीतून वीज घेणारे स्पीकर

छोट्या स्पीकरांना दोन वायरी असतात. वीज यूएसबीतून आणि आवाज ३.५ मिमी जॅकमधून. दोन्ही एकाच कॉम्प्युटरला जोडल्या की आत एक बंद वळसा तयार होतो, आणि यूएसबीच्या वीजवाहिनीतला गोंगाट त्या वळशातून आवाजात उतरतो. माउसबरोबर बदलणारी चिरचिर बहुधा इथलीच.

यूएसबीची वायर कॉम्प्युटरमधून काढून मोबाइलच्या चांगल्या दोन पिनी चार्जरला लावा. जॅक कॉम्प्युटरलाच राहू दे. फरक पडला तर काम झालं. हाच नियम ब्लूटूथ रिसीव्हरलाही, म्हणजे स्पीकरला बिनतारी आवाज पोचवणाऱ्या डबीलाही लागू. तो कॉम्प्युटरच्या यूएसबीवर चालवाल तर चिरचिर परत येईल. आवाजही यूएसबीतूनच घेणाऱ्या, म्हणजे जॅकच नसलेल्या स्पीकरांना हा त्रास सहसा नसतो.

८. अर्थिंग तपासा

या पायरीला पुरेसा वेळ द्या. आपल्याकडच्या घरांत गुणगुणीचं खरं कारण मला सगळ्यात जास्त इथेच सापडलं आहे, आणि हा विषय फक्त आवाजाचा नाही.

डेस्कटॉपच्या मागे, जिथे वीज आत जाते तिथे, एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचा, डबा चार स्क्रूंनी बसवलेला असतो. कॉम्प्युटर चालू ठेवा आणि टेस्टरचं टोक त्यातल्या एका स्क्रूला टेकवा. रंग दिलेल्या पत्र्याला टेकवून उपयोग नाही, रंग वीज अडवतो. टेस्टरच्या डोक्यावर बोट ठेवा. आतला दिवा अंधुक नारिंगी पेटला, तर तुमच्या कॅबिनेटला अर्थिंग मिळत नाही. लख्ख पेटला तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा, त्याआधी कॅबिनेटला हात लावू नका. अजिबात पेटला नाही तर चांगलं लक्षण आहे.

अंधुक का पेटतो ते सांगते, म्हणजे वायरमनशी बोलताना अडणार नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारा फिल्टर असतो. त्यात फेजपासून बॉडीपर्यंत एक आणि न्यूट्रलपासून बॉडीपर्यंत एक, असे दोन छोटे कंडेन्सर असतात. त्यांतून झिरपणारा अगदी बारीक प्रवाह तिसऱ्या पिनेने जमिनीत जावा अशी रचना आहे. तिसरी पिन कुठेच पोचत नसेल तर कॅबिनेट मधल्यामध्ये, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर लटकत राहतं. प्रवाह फार कमी असल्याने नुसत्या मुंग्या येतात. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला असताना मनगटाला झिणझिणी येते ती साधारण याच कारणाने. हा प्रवाह वाट शोधतो आणि ऑडिओ केबलच्या शिल्डमधून स्पीकरकडे जातो. त्याच शिल्डमधून आवाजाचा सिग्नल परतत असतो, म्हणून दोन्ही एकमेकांत मिसळतात.

तिसरी पिन नेमकी कुठे तुटली आहे ते आता क्रमाने बघा.

सुरुवात एक्स्टेंशन बोर्डपासून. वर तीन भोकांची सॉकेट्स, पण भिंतीत जाणारा प्लग दोन पिनचा, असे बोर्ड सर्रास विकले जातात. काहींचा प्लग तीन पिनचा असतो आणि आत वायर दोनच तारांची. कॉम्प्युटर सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावून टेस्टर पुन्हा टेकवा. दिवा विझला तर दोष बोर्डचा, तो बदला. तीन पिनचं दोन पिन करणारा कन्व्हर्टर मध्ये असेल तर तोही काढा.

मग भिंतीतलं सॉकेट. समोरून बघितलं तर वरचं मोठं भोक अर्थिंगचं, खालचं उजवं फेज, डावं न्यूट्रल. मल्टिमीटर एसी व्होल्टच्या वरच्या रेंजवर ठेवून मोजायचं असतं, पण याची सवय नसेल तर वायरमनकडूनच करून घ्या. फेज-न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज-अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट यायला हवेत. फेज-अर्थमध्ये ८०, ११० असा भलताच आकडा आला तर अर्थची तार लोंबते आहे. जुन्या इमारतींत सॉकेट तीन पिनचं बसवलेलं आणि मागे हिरवी तारच नाही, असं पुष्कळदा आढळतं.

तार आहे, पण न्यूट्रल-अर्थमधले व्होल्ट जास्त, असं असेल तर सोसायटीच्या मीटर रूमजवळचा अर्थिंगचा खड्डा बघायला सांगा. जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात धातूची प्लेट आणि तिच्याभोवती कोळसा-मीठ असतं. उन्हाळ्यात ते कोरडं पडलं की जमिनीशी संपर्क कमी होतो. खड्ड्याच्या नळीत वरचेवर पाणी ओतायचं असतं, आणि ते काम बहुतेक सोसायट्यांत कुणाच्याच लक्षात नसतं.

आता दोन सापळे. दोन्ही जिवाशी खेळणारे आहेत.

पहिला: ‘अर्थची पिन काढून टाका, गुणगुण जाईल.’ कधी कधी खरंच जाते. पण पुढे आत फेजची तार बॉडीला लागली तर वीज जमिनीत न जाता तुमच्या हातातून जाईल. पिन कापू नका, तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळू नका. स्पीकर मुळातच दोन पिनचे असतील आणि त्यांवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर त्यांना अर्थिंग लागत नाही. त्यांची चिंता नको.

दुसरा: ‘अर्थिंग नाही? न्यूट्रलमधून काढून देतो.’ म्हणजे सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात वायरचा तुकडा जोडायचा. टेस्टर लगेच विझतो, घरमालक खूश होतो. पण न्यूट्रलची तार कुठेही सैल झाली तर त्या सॉकेटवरच्या सगळ्या उपकरणांच्या बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. ठाम नाही म्हणा. मेन बोर्डपासून वेगळी हिरवी तार ओढून घ्या. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तोही त्याच वेळी बसवून घ्या.

घर भाड्याचं असेल आणि मालक खर्च करायला तयार नसेल, तर पायरी १० मधला आयसोलेटर आवाज घालवील. कॅबिनेटवरची वीज मात्र तशीच राहते, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

९. अर्थिंग चांगलं, तरी गुणगुण

आता उलट शक्यता. जमिनीकडे जाणाऱ्या वाटा एकाहून जास्त झाल्या आहेत. कॉम्प्युटर एका सॉकेटवर, तीन पिनचा ॲम्प्लिफायर किंवा स्टुडिओ मॉनिटर (रेकॉर्डिंगसाठीचा स्पीकर) दुसऱ्या भिंतीवर. दोन्ही ठिकाणच्या अर्थमध्ये अगदी थोडा फरक असतो आणि त्यांना जोडणाऱ्या ऑडिओ केबलमधून प्रवाह वाहू लागतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. कॉम्प्युटर, त्याचा स्क्रीन, स्पीकर, सगळं एकाच चांगल्या बोर्डवर आणा. अनेकदा एवढं पुरतं.

कॉम्प्युटर एचडीएमआयने टीव्हीला जोडला आहे का? मग सेट-टॉप बॉक्सची कोॲक्स वायर (केबल किंवा डिशकडून येणारी जाड गोल वायर) तपासा. ती गच्चीवरून येताना वेगळाच अर्थ घेऊन येते. सेट-टॉपच्या मागचा तिचा स्क्रू सोडवा. गुणगुण थांबली तर चोर सापडला. केबल टीव्हीच्या वायरीत गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे तारेचा थेट संबंध तोडणारा जोड, बसवता येतो. डिश असेल तर तो साधा आयसोलेटर चालत नाही, कारण डिशवरच्या भागाला वीज त्याच वायरीतून जाते.

संध्याकाळीच आवाज येत असेल, किंवा पंखा मंद केला की वाढत असेल, तर खोलीतली उपकरणं एकेक बंद करा: पंखा, डिमरचा दिवा, चोकवाली ट्यूबलाइट, स्वस्त मोबाइल चार्जर. वीज गेल्यावरच ‘झ्यांऽऽ’ सुरू होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. साइन वेव्हचा घेतल्याशिवाय तो आवाज पूर्ण जात नाही. तोपर्यंत त्या वेळेत लॅपटॉप बॅटरीवर चालवून हेडफोन लावा.

ऑडिओ केबल आणि विजेच्या वायरी एका जुडग्यात बांधू नका. एकमेकींना छेद देऊन गेल्या तर चालतं, समांतर गेल्या तर गुणगुण उतरते. जादा लांबीची वर्तुळाकार गुंडाळी करून ॲडॉप्टरवर ठेवू नका.

१०. विकत घेण्याची वेळ

इथवर आल्यावर नक्की काय घ्यायचं ते तुम्हाला माहीत असतं.

वळसा किंवा अर्थिंग हे कारण असेल तर ग्राउंड लूप आयसोलेटर. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, दोन्ही बाजूंना ३.५ मिमीची सोय, आत दोन इवलेसे ट्रान्सफॉर्मर. आवाज चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, तारेचा थेट संबंध तुटतो. काही शे रुपयांत मिळतो. कमी दर्जाच्या डबीत खर्जाचे सूर पातळ होतात, म्हणून तबल्याचा बायाँ ऐकून बघा. दुकानदार परत घ्यायला तयार असेल तिथूनच घ्या. तो स्पीकरच्या लाइनसाठी आहे, माइकच्या हेडसेटला लावू नका.

कॉम्प्युटरच्या आतली चिरचिर असेल तर यूएसबी साउंड कार्ड. मदरबोर्डच्या गोंगाटापासून आवाज दूर जातो. यूएसबीच्या विजेतला गोंगाट तेवढाच राहिला तर जोडीला आयसोलेटर. गाणं रेकॉर्ड करत असाल तर बॅलन्स्ड आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि बॅलन्स्ड इनपुटचे स्टुडिओ मॉनिटर घ्या. त्यात दोन तारांवर एकमेकांच्या उलट सिग्नल जातो आणि वाटेत शिरलेला गोंगाट पलीकडे वजा होतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, या दोन्ही ठिकाणी हे सामान समोर बघून घेता येतं. जुनी केबल सोबत न्या.

११. दोष स्पीकरमध्येच असेल तर

गाणं चालू असताना थरथर येत असेल तर आधी टेबल मोकळं करा. पेनस्टँड, चष्म्याचं घर, खिडकीची काच, सगळं खर्जाबरोबर वाजतं. स्पीकर उचलून मऊ आसनावर ठेवून ऐका. तरी थरथर असेल तर पुढची जाळी आणि मागचे स्क्रू घट्ट करा. नंतर कोन, म्हणजे स्पीकरचा पुढचा कागदी पडदा, बघा. कागदाला चीर किंवा कडेची रबरी पट्टी सुटलेली दिसली तर कारण तेच.

आवाज कोनमधून न येता खोक्यातून येत असेल, म्हणजे व्हॉल्यूम शून्यावर असतानाही लाकडाला हात लावल्यावर कंप जाणवत असेल, तर ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्या किंवा त्याचे बोल्ट सैल आहेत. कोनमधून येत असेल आणि बटणाने बदलत नसेल, तर पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर वाळला आहे. काही वर्षं वापरलेल्या २.१ सेटमध्ये (दोन स्पीकर आणि एक सबवूफर) हे ठरलेलं दुखणं. त्याचं वरचं टोपण सपाट असायला हवं, ते टम्म फुगलेलं दिसतं.

वॉरंटी शिल्लक असेल तर खोकं उघडू नका, बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. संपली असेल तरी हे काम दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. कंडेन्सर त्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा घालायला सांगा, आणि जुना परत मागा. ‘स्पीकर वाजतोय, बघा’ असं म्हणून ठेवून येऊ नका. कागदावरच्या नोंदी दाखवा: केबल काढून वाजतो, बटणाने बदलत नाही, फोनवरही वाजतो. या तीन ओळी वाचल्या की तो सरळ पॉवर सप्लाय उघडतो आणि मजुरीही तेवढ्याच कामाची लावतो.